बजेटमधला सराउंड साउंड रिसिव्हर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही मोठा येतो, चित्र झकास दिसतं, पण आवाज मात्र पडद्याच्या मागे दडलेल्या दोन बोटभर स्पीकरांतून येतो. मग रिसिव्हरचा शोध सुरू होतो आणि पहिल्या तासाभरातच माणूस वॅट, चॅनेल आणि लोगोंच्या गर्दीत हरवतो. ज्यांना हातात असलेल्या मोजक्या पैशांत घरी नीट होम थिएटर उभं करायचं आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: आजच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या रिसिव्हरमध्येसुद्धा चांगल्या आवाजाला लागणारं बहुतेक सगळं असतं. फरक पडतो तो जोडण्यांमुळे, खोलीशी जुळवून घेण्याच्या सोयीमुळे आणि सगळ्यात जास्त स्पीकरमुळे. त्यामुळे खालची बरीच उत्तरं फिरून स्पीकरपाशीच येतील.

रिसिव्हर नेमकं काय करतो? साउंडबार घेतला तर भागणार नाही का?

एव्ही रिसिव्हर तीन कामं करतो. सेट-टॉप बॉक्स, गेम कन्सोल, डिस्क प्लेअर यांचं चित्र आणि आवाज आत घेऊन चित्र टीव्हीकडे पाठवतो. डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींत बांधलेला आवाज सोडवून वेगवेगळ्या चॅनेलमध्ये, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या वेगळ्या वाट्यात, वाटतो. आणि प्रत्येक चॅनेलचा आवाज वाढवून त्या त्या स्पीकरला देतो.

खोली लहान असेल, वायरी फिरवायची मुभा नसेल किंवा घरच्यांना मागे स्पीकर नकोच असतील, तर साउंडबार घ्या आणि निवांत राहा. पण पाच स्पीकर ठेवायला जागा असेल, तर रिसिव्हरची बरोबरी साउंडबार करत नाही. मागून येणारा आवाज खरोखर मागून यायचा असेल तर तिथे स्पीकर असावा लागतो. शिवाय रिसिव्हरचा स्पीकर बिघडला तर तेवढाच बदलता येतो, उद्या मोठा सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) आणता येतो, दहा वर्षांनी रिसिव्हर बदलून तेच स्पीकर वापरता येतात.

एकाच खोक्यात स्पीकरसकट सगळं मिळणारे तयार संच मात्र जपून घ्या. त्यांतल्या अनेकांच्या मागे नेहमीच्या स्पीकर वायरीऐवजी त्या कंपनीचीच वेगळी पिन असते. एक भाग गेला की अख्खा संच अडगळीत जातो.

एकूण बजेटपैकी किती पैसे रिसिव्हरवर घालावेत?

माझा ठाम सल्ला: पाव ते एक तृतीयांश. उरलेले स्पीकर आणि सबवूफरसाठी ठेवा. साध्या रिसिव्हरला चांगले स्पीकर जोडले तर ऐकणाऱ्याला समाधान मिळतं. उलट केलं, म्हणजे भारी रिसिव्हरला कसेबसे स्पीकर जोडले, तर त्या रिसिव्हरचं मोठेपण कानापर्यंत पोहोचतच नाही. स्पीकर वीस वर्षंही टिकतात. रिसिव्हरची जोडणी मात्र दर काही वर्षांनी जुनी होते, कारण टीव्हीची तंत्रं बदलत राहतात. जे लवकर जुनं होणार आहे त्यावर कमी खर्च करावा, इतका साधा हिशेब आहे.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या वॅटवर विश्वास ठेवावा का?

आकडा खोटा नसतो, पण तो कोणत्या परिस्थितीत मोजलाय ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि खरी माहिती तिथेच असते. एका ओळीत लिहिलेलं दिसेल: १३० वॅट, ६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी (आवाजातला फाटकेपणा), १ चॅनेल. दुसऱ्या ओळीत: ७० वॅट, ८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के टीएचडी, २ चॅनेल. या दोन्ही ओळी एकाच यंत्राच्या असू शकतात.

पहिल्या ओळीत फक्त एक चॅनेल चालू आहे, त्याला एकच मधला सूर दिलाय आणि आवाजात दहा टक्के फाटकेपणा येईपर्यंत तो वाढवलाय. असा आवाज कुणी ऐकून घेणार नाही. दुसऱ्या ओळीत दोन चॅनेल एकदम चालू आहेत, खर्जापासून अगदी वरच्या टोकापर्यंतचे सगळे सूर आहेत आणि फाटकेपणा जवळजवळ शून्य आहे. तुलना करायची तर दोन्ही रिसिव्हरची ही दुसरी ओळ समोर ठेवून करा. हा घोळ जुनाच आहे. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजून सांगायची याचा नियम अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच केला होता आणि २०२४ मध्ये तो पुन्हा सुधारावा लागला.

पाचही चॅनेल एकदम जोरात वाजतात तेव्हा आकडा आणखी खाली येतो, कारण आतला ट्रान्सफॉर्मर एकच असतो आणि त्यालाच सगळ्यांना पुरवठा करायचा असतो. पण चित्रपटात पाचही स्पीकर एकाच क्षणी पूर्ण ताकदीने वाजण्याची वेळ फार क्वचित येते. खर्जाचं सगळ्यात जड काम सबवूफर करतो, आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळा त्याच्या आतच असतो. म्हणून याची फार धास्ती घेऊ नका.

मग मला किती वॅट लागतील?

वाटतं त्यापेक्षा खूप कमी. स्पीकरच्या माहितीत ‘सेन्सिटिव्हिटी’ शोधा. ८८ डेसिबल लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज येतो. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. दोन वॅटला ९१, चारला ९४, सोळाला १००, चौसष्टला १०६. ऐकणारा तीन मीटरवर बसला की मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल घटतात. खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात, त्यामुळे घट त्याहून कमी.

सिनेमागृहात एका मुख्य चॅनेलचा जास्तीत जास्त आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाईल असं धरलेलं असतं. घरी बहुतेक लोक त्याच्या पंधरा-वीस डेसिबल खालीच ऐकतात. म्हणजे साधारण खोलीत चित्रपट बघताना बराच वेळ प्रत्येक स्पीकर दोन-चार वॅटच्या आतच चाललेला असतो आणि फक्त स्फोटाच्या क्षणी जास्त ताकद लागते. ७० वॅटचा रिसिव्हर सोडून ९० वॅटचा घेतल्याने जेमतेम १.१ डेसिबल मिळतात, तोही कानाला जाणवेल न जाणवेल इतकाच फरक. त्याच पैशांत ८५ ऐवजी ८९ डेसिबलचे स्पीकर घेतले तर वॅट अडीचपट केल्याइतका फायदा होतो.

६ ओम, ८ ओम, ४ ओम यांतलं काय बघायचं?

ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध. स्वस्त रिसिव्हरला ६ किंवा ८ ओमचे स्पीकर जोडा. ४ ओमचे स्पीकर जास्त करंट ओढतात. मोठ्या आवाजात छोटा रिसिव्हर तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. स्पीकर आधीच ४ ओमचे असतील तर रिसिव्हरच्या माहितीपुस्तिकेत ४ ओम चालतं असं स्पष्ट लिहिलंय का ते पाहा.

५.१, ७.१ की ५.१.२? कोणता मांडणीप्रकार घ्यावा?

पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा, तिसरा छतावरच्या किंवा वरून आवाज देणाऱ्या स्पीकरांचा.

ठरवायच्या आधी खोलीत जाऊन बसा आणि मागे वळून पाहा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ७.१ चा विचार सोडा. ७.१ मधले मागचे दोन स्पीकर समोरच्या मध्यरेषेपासून १३५ ते १५० अंशांवर, म्हणजे खरोखर पाठीमागे हवेत, आणि तुमच्या पाठीमागे भिंतच आहे. ५.१ मध्ये समोरचे दोन स्पीकर मध्यापासून साधारण ३० अंशांवर आणि सराउंडचे दोन सुमारे ११० अंशांवर, म्हणजे बाजूला आणि किंचित मागे येतात. सोफ्याच्या दोन्ही अंगांना ते बसतात.

माझ्या मते पहिल्यांदा घेणाऱ्याने पाच स्पीकर आणि एक सबवूफर एवढ्यावरच लक्ष द्यावं. पण बजेट थोडं ताणता येत असेल तर सात चॅनेलचा रिसिव्हर घेऊन आज त्याला पाचच स्पीकर जोडा. राहिलेले दोन चॅनेल पुढे छताच्या स्पीकरांना कामी येतील. ‘आत्ता पाचचा घेऊ, पुढे सातचा बघू’ असं म्हणणाऱ्याला दोनदा रिसिव्हर घ्यावा लागतो.

स्वस्त रिसिव्हरमध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉस खरंच मिळतं का?

लोगो मिळतो. अनुभव मिळेल की नाही ते चॅनेल मोजून ठरवा. अ‍ॅटमॉस २०१२ मध्ये सिनेमागृहात आलं आणि २०१४ मध्ये घरगुती यंत्रांत. त्याचा सगळा जीव डोक्यावरून येणाऱ्या आवाजात आहे, आणि ५.१.२ साठी सात अ‍ॅम्प्लिफायर चॅनेल लागतात. पाच चॅनेलच्या काही रिसिव्हरवर अ‍ॅटमॉस लिहिलेलं असतं; तिथे समोरचे तीन आणि वरचे दोन असे पाच मोजलेले असतात, म्हणजे सराउंडचे स्पीकर सोडून द्यावे लागतात. मला हा सौदा पटत नाही. चित्रपटांचा फार मोठा साठा ५.१ मध्ये आहे, तिथे बाजूचे स्पीकरच नसले तर रोजचं नुकसान होतं.

काही रिसिव्हरमध्ये, जे स्पीकर लावलेलेच नाहीत त्यांचा भास निर्माण करण्याची सोय असते. ती चालू करून ऐका, आवडली तर ठेवा, पण तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. आवाज छतावर आपटून खाली आणणारे स्पीकर घेणार असाल तर छत सपाट, कडक आणि साधारण २.३ ते ३.७ मीटर उंचीचं असावं. उतरतं छत किंवा आवाज शोषणारं फॉल्स सीलिंग असेल तिथे ते काम करत नाहीत; तिथे छताला लावायचे स्पीकरच बरे.

आर्क आणि ई-आर्कमध्ये फरक काय? मला कोणतं लागेल?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पूर्वी एचडीएमआयमधून चित्र आणि आवाज एकाच दिशेने, रिसिव्हरकडून टीव्हीकडे जात. टीव्हीतच अ‍ॅप आल्यावर आवाज उलट्या दिशेने आणायची गरज पडली. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये आलेलं आर्क हे काम त्याच केबलमधून करतं. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ सोबत ई-आर्क आलं. त्यात आवाजासाठी जागा कितीतरी जास्त आहे.

साध्या आर्कमधून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस जातं. व्हिडिओ अ‍ॅपवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच बांधलेलं असतं, म्हणून टीव्ही आणि रिसिव्हर दोन्हींनी साथ दिली तर ते साध्या आर्कमधूनही येतं. अ‍ॅटमॉससाठी ई-आर्क हवंच, असं ठणकावून सांगितलं जातं, ते अ‍ॅपपुरतं तरी बरोबर नाही. ई-आर्क लागतं ते ब्लू-रे डिस्कवरच्या डॉल्बी ट्रू-एचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ किंवा गेम कन्सोलच्या अनेक चॅनेलच्या पीसीएम (न दाबलेल्या) आवाजासाठी, आणि तेही हे यंत्र थेट टीव्हीला जोडलं असेल तरच. प्लेअर आणि कन्सोल आधी रिसिव्हरला जोडले तर हा प्रश्नच उरत नाही.

जोडणी करताना टीव्हीच्या ज्या खाचेवर आर्क लिहिलंय तिथेच एचडीएमआय केबल लावा. इतर खाचांतून आवाज परत येत नाही. रिसिव्हरच्या बाजूने ती ‘आउट’ खाचेत जाते, ‘इन’मध्ये नाही. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं असेल तर ते बदलून ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. पीसीएम राहिलं तर टीव्ही आवाजाचे दोनच चॅनेल करून पाठवतो आणि मागचे स्पीकर मुके राहतात. रिसिव्हर बिघडला म्हणून परत नेण्याआधी ही एक गोष्ट नक्की बघा. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. तिथे प्लेअर थेट रिसिव्हरला जोडणं हाच उपाय.

ऑप्टिकल केबलने काम चालेल का?

चालेल, पण ५.१ पर्यंतच. ऑप्टिकलमधून दोन चॅनेलचा पीसीएम किंवा दाबून बसवलेला डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस जातो. डॉल्बी डिजिटल प्लस, ट्रू-एचडी आणि अ‍ॅटमॉस जात नाही. जुन्या टीव्हीला आर्क नसेल तर हा मार्ग अजूनही उत्तम आहे.

४के, ८के, १२० हर्ट्झ... यासाठी जास्त पैसे द्यावेत का?

चित्रपट आणि मालिकांसाठी नको. एचडीएमआय २.० ची सेकंदाला १८ गिगाबिटची क्षमता ४के आणि ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रांना) पुरते. रिसिव्हर एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारी पद्धत) मानतो याची खात्री करा, नाहीतर ४के चित्र दिसणार नाही. नव्या यंत्रांत ते असतंच. नव्या गेम कन्सोलवर १२० हर्ट्झचे खेळ खेळणारं कुणी घरात असेल तर एचडीएमआय २.१ चा विचार करा. तिथेही आणखी एक वाट आहे: कन्सोल थेट टीव्हीला जोडा आणि आवाज ई-आर्कने रिसिव्हरला आणा. २०२० च्या पहिल्या फळीतल्या अनेक ८के रिसिव्हरमध्ये ४के १२० हर्ट्झच्या वेळी चित्र जाण्याचा दोष होता, त्यामुळे त्या काळातला वापरलेला रिसिव्हर घेताना कन्सोल जोडूनच तपासा.

खाचा किती हव्यात ते यंत्रं मोजून ठरवा आणि त्यात एक वाढवा. चार बहुतेकांना पुरतात.

माइक लावून आपोआप जुळवणी करण्याची सोय किती महत्त्वाची आहे?

माझ्या लेखी वॅटपेक्षा जास्त. खोली आवाजाला खूप बदलते. एका भिंतीपाशी स्पीकर, दुसऱ्याजवळ पडदा, बसायची जागा मधोमध नाही, असंच बहुतेक घरांत असतं. रिसिव्हरसोबत आलेला छोटा माइक बसायच्या जागी ठेवला की यंत्र प्रत्येक स्पीकरमधून सूर सोडतं आणि त्याचं अंतर, पातळी व खोलीमुळे झालेला फेरफार मोजतं. डेनॉनमध्ये ही सोय ऑडिसी नावाने, यामाहामध्ये वायपीएओ, पायोनिअरमध्ये एमसीएसीसी, सोनीमध्ये डीसीएसी नावाने येते. ऑन्क्योच्या काही मॉडेलमध्ये डिरॅक लाइव्ह आहे. सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये सबवूफरची दुरुस्ती जुजबी असते किंवा नसतेच. दोन रिसिव्हरमध्ये निवड अडली असेल तर माइक एकाऐवजी अनेक जागी ठेवून मोजणारा घ्या.

मोजणी करताना घाई नको. पंखा, एसी, फ्रिजचा आवाज शक्य तेवढा बंद करा. माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बसवा आणि त्याचं टोक तुम्ही बसल्यावर कान जिथे येतो बरोबर तेवढ्या उंचीवर आणा. सोफ्याच्या उशीवर टेकवून ठेवलेला माइक उशीचा आवाज मोजतो. हातात धरला तर तुमच्या अंगावरून परतणारा आवाजही त्यात मिसळतो. पहिली मोजणी मुख्य आसनावर, पुढच्या त्याच्या आजूबाजूला हात-दीड हाताच्या अंतरावर घ्या. सूर वाजत असताना खोलीतून बाहेर जा किंवा एका कोपऱ्यात गप्प उभं राहा. माइक त्याच मॉडेलसोबतचा हवा, दुसऱ्या रिसिव्हरचा चालत नाही.

मोजणी झाली की तीन गोष्टी हाताने तपासा. यंत्राने समोरच्या स्पीकरना ‘मोठे’ ठरवलं असेल तर ‘लहान’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. मग ८० च्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो आणि रिसिव्हरचा बराच भार उतरतो. स्पीकर अगदी छोटे असतील तर १०० किंवा १२० ठेवा. दुसरं, सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर ते ‘सुधारू’ नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला किंचित उशीर होतो आणि यंत्राने तो हिशेबात धरलेला असतो. तिसरं, सबवूफरची पातळी उणे १२ सारख्या टोकाच्या आकड्यावर गेली असेल, तर सबवूफरच्या पाठीवरचं बटण कमी करून मोजणी पुन्हा घ्या.

संवाद नीट ऐकू येत नाहीत, स्फोट मात्र कानठळ्या बसवतात. काय करावं?

ही तक्रार अगदी रास्त आहे आणि तिचं उत्तर बहुतेक वेळा मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमध्ये असतं. ५.१ मधले बहुतेक सगळे संवाद त्याच एका स्पीकरमधून येतात. तो टीव्हीखालच्या कपाटात आत ढकललेला असेल तर आवाज कपाटात घुमून मगच बाहेर येतो. पुढे ओढा, त्याची कड कप्प्याच्या कडेला आणा. गुडघ्याच्या उंचीवर असेल तर पुढच्या बाजूने खाली रबराचा तुकडा सरकवून त्याचं तोंड तुमच्या कानाकडे वळवा. हे केल्यावरही कमी वाटलं तर सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवा.

रात्री ऐकायला ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ दाबणारी सेटिंग असते. ती मोठे आवाज खाली आणते आणि हलके वर. घरात कमी ऐकू येणारं कुणी असेल तर ही सेटिंग कायम चालू ठेवायला मुळीच संकोच करू नका. घरातल्या प्रत्येकाला गोष्ट समजायला हवी. आणि हो, पैसे कमी असतील तर सराउंडच्या स्पीकरवर वाचवा, सेंटरवर नको. तो समोरच्या दोन स्पीकरच्या मालिकेतलाच घ्या, म्हणजे आवाज एका बाजूकडून दुसरीकडे जाताना त्याचा पोत बदलत नाही.

सबवूफर कुठे ठेवावा?

कोपऱ्यात ठेवला तर दणका जास्त येतो, पण घुमण्याची शक्यताही वाढते. चांगली जागा शोधायची युक्ती अशी: सबवूफर थोडा वेळ तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, खर्जाचं काहीतरी वाजवा आणि जमिनीजवळ कान नेत खोलीभर फिरा. जिथे खर्ज एकसारखा आणि स्वच्छ वाटेल तिथे सबवूफर ठेवा. रिसिव्हरवर ‘५.२’ लिहिलं असलं तरी स्वस्त यंत्रांत दोन्ही सबवूफर खाचांतून बहुधा एकच आवाज जातो. दोन सबवूफर लावले तर खोलीतला खर्ज जास्त समान होतो, पण ही पुढची गोष्ट आहे.

स्पीकर वायर महागडी घ्यावी का?

नाही. १.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर दहा मीटरपर्यंत पुरते. मागच्या स्पीकरपर्यंतचं अंतर त्याहून जास्त असेल तर २.५ ची घ्या. वायरीवर ‘सीसीए’ लिहिलं असेल तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, ती नको. टोकाकडून सेंटिमीटरभर सोला, तारा घट्ट पिळा आणि खाचेत घाला. एकही सुटी तार शेजारच्या खाचेला लागू देऊ नका. बहुतेक वेळा रिसिव्हर ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडतो तो अशाच केसाएवढ्या तारेमुळे. तांबडी खाच तांबड्याला, काळी काळ्याला. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर खर्ज पोकळ होतो आणि आवाजाचा मध्य हरवतो.

रिसिव्हर तापतो, हे ठीक आहे का?

कोमट ते गरम होणं स्वाभाविक आहे. वर किमान दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा सोडा आणि त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. दारं लागणाऱ्या कपाटात ठेवणार असाल तर मागची फळी कापून हवेला वाट करून द्या.

वापरलेला रिसिव्हर घेणं शहाणपणाचं आहे का?

बजेट अगदीच तुटपुंजं असेल तर हो. एकेकाळचा मधल्या श्रेणीतला रिसिव्हर आजच्या सगळ्यात स्वस्तापेक्षा ताकदीने सरस असतो. त्याची दुबळी बाजू म्हणजे एचडीएमआयचा बोर्ड. म्हणून घेण्याआधी प्रत्येक खाच वेगळी तपासा, प्रत्येक चॅनेलला स्पीकर जोडून ऐका, अर्धा तास चालू ठेवा, आवाज वर-खाली करताना खरखर येते का ते बघा आणि माइक व रिमोट सोबत आहे का ते विचारा. एचडीसीपी २.२ नसलेला जुना रिसिव्हरही टाकाऊ नाही: सगळी यंत्रं टीव्हीला जोडा आणि आवाज आर्कने किंवा ऑप्टिकलने आणा.

कोणत्या कंपनीचा घ्यावा? वायफाय, ब्लूटूथ यांचं काय?

डेनॉन, यामाहा, सोनी, ऑन्क्यो, पायोनिअर यांच्या एकाच पायरीवरच्या रिसिव्हरमध्ये आवाजाचा फरक फार थोडा असतो. सुटे भाग आणि दुरुस्ती तुमच्याजवळ कोणाची मिळते यावर निवड करा. गाणी बऱ्याचदा ऐकत असाल तर वायफाय असलेला घ्या, ब्लूटूथपेक्षा आवाज चांगला येतो. केवळ चित्रपटांसाठी घेत असाल तर टीव्हीतच सगळी अ‍ॅप असतात, मग वायफायचे पैसे वाचवून सबवूफरमध्ये घाला. ‘प्री-आउट’ची सोय मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण पुढे वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो, सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये ती बहुधा फक्त सबवूफरसाठी असते.

सगळं एकदम घ्यावं की टप्प्याटप्प्याने?

टप्प्याटप्प्याने घ्या, आणि क्रमही ठरवून ठेवा. आधी रिसिव्हर आणि समोरचे दोन चांगले स्पीकर. सेंटर नसल्याचं रिसिव्हरला सांगितलं की तो संवाद त्या दोघांत समान वाटतो आणि मधोमध बसणाऱ्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. मग सेंटर, मग सबवूफर, शेवटी सराउंड. पाच हलके स्पीकर एकदम आणण्यापेक्षा हा रस्ता लांबचा असला तरी प्रत्येक टप्प्यावर ऐकण्यात आनंद आहे. दर वेळी नवा स्पीकर आला की माइकची मोजणी नव्याने करा.

परत करण्याची मुदत संपण्याआधी काय तपासावं?

खोकं आणि थर्माकोल ठेवून द्या. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक एचडीएमआय खाचेत काहीतरी जोडून पाहा, आर्कने आवाज येतो का ते बघा, रिसिव्हरचा ‘टेस्ट टोन’ लावून प्रत्येक स्पीकर आपल्याच जागी बोलतोय याची खात्री करा. एक अख्खा चित्रपट तुमच्या नेहमीच्या आवाजात बघा आणि नंतर वरच्या जाळीवर हात ठेवून पाहा. ओठ आणि शब्द मागेपुढे वाटले तर घाबरू नका, ‘लिप सिंक’च्या सेटिंगमध्ये आवाज काही मिलिसेकंद मागे सारता येतो. शेवटी सगळं शांत करून कान स्पीकरजवळ न्या. बारीक सुसकारा चालेल. गुंजन ऐकू आलं तर आधी केबल टीव्हीची तार काढून बघा, कारण ते बऱ्याचदा तिथून येतं. तार काढूनही गुंजन राहिलं तर दुसऱ्या प्लगला लावून बघा, आणि तरीही थांबलं नाही तर रिसिव्हर बदलून मागा.